ताईचा पसारा, आमचा माळा

माझी मोठी बहीण ठाण्याला नव्या टॉवरमध्ये राहायला गेली आणि तिला एकाएकी मोकळ्या जागेचं वेड लागलं. तिने मोबाइलवर पसारा आवरण्याचा कसलासा कोर्स केला. 'सहा महिने वापरली नाही ती वस्तू घरात ठेवायची नाही,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. घरात म्हणजे तिच्या घरात. त्या वस्तू ती गाडीत घालून डोंबिवलीला माझ्याकडे आणायची.

"अरे, तुमच्याकडे माळा आहे. आमच्या फ्लॅटला माळाच नाही रे," असं ती इतक्या कौतुकाने म्हणायची, की मला आमच्या जुन्या बिल्डिंगचा अभिमानच वाटायचा.

चार वर्षांत तिचं शिलाई मशीन, भावोजींची व्यायामाची सायकल, दोन इडलीपात्रं आणि भाचीचा पाळणा वर गेला. भाची आता नोकरी करते. माझी बायको दरवेळी स्टूल धरून माझ्याकडे बघायची.

यंदा पाडव्याच्या आधीच्या रविवारी ताई आली, मान वर करून माळा बघितला आणि म्हणाली, "किती पसारा करून ठेवलाय रे! थांब, आज मीच आवरून देते."

मी स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देऊ लागलो. शिलाई मशीन आलं.

"असू दे, चालतंय अजून."

सायकल आली.

"यांचा गुडघा बरा झाला की लागेल."

पाळणा दिसल्यावर तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ताई, ते सहा महिन्यांचं..." बायकोने आठवण करून दिली.

"अगं, ते वस्तूंना. या आठवणी आहेत."

मग माझा कॅरम बोर्ड निघाला. मी शाळेत असताना बाबांनी आणलेला. "हा वाकलाय," ताई म्हणाली, आणि मी वरचं सगळं जागेवर लावून उतरेपर्यंत तिने तो खाली भंगारवाल्याला देऊनही टाकला होता. मी चपला अडकवून धावलो. हातगाडी कोपऱ्यावर सापडली, पण त्याने बोर्डाच्या कडेच्या पट्ट्या उचकटून वेगळ्या केल्या होत्या. मला खरंच भरून आलं. ताईला आज चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून मी जिना चढलो आणि वर येऊन म्हणालो, "चहा घेणार ना, ताई?"

संध्याकाळी तिने कॅरमच्या रिकाम्या जागेचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भावाचा माळा आवरून दिला.' नातेवाइकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या मामीचा फोन आला. "अरे, माळ्यावर जागा झाली म्हणे तुझ्याकडे! आमचा एक कूलर होता..."

समोर बायको दोन्ही हातांनी नको नको करत होती.

"पाठवा ना, मामी," मी म्हणालो.

कूलर माळ्याच्या दारातून आत जाईना. सध्या तो हॉलमध्ये असतो. बायको त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते आणि माझ्याशी कामापुरतंच बोलते.