दादाने बंद केलेलं विकर

माझा मोठा भाऊ माझ्याशी बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच्याशी बोलायची फारशी इच्छा उरलेली नाही. नातेवाइकांना वाटतं, घराच्या वाटणीवरून बिनसलं असेल. आमचं बिनसलं ते एका एन्झाइमवरून.

मी अंबरनाथच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि बदलापूरला मांजर्लीत राहते. दादा, वहिनी आणि आई उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. दादा एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. पन्नाशीच्या आत त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, तो कामावरही परत गेला. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली होती, ठरलेल्या वेळी दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायचं. दादाला त्या तपासणीची भयंकर चीड. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं, मग परक्या माणसांसमोर तसं झोपायचं. पहिल्या वेळी वहिनीने त्याला अक्षरशः ओढत नेलं होतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. दादाने विचारलं, ही गाठ वाढते तरी कशी? माझ्या विषयातलं मला घरात कुणी कधी विचारत नाही. वहिनी तर माझ्या शिक्षणाचा उल्लेख फक्त टोमणा मारायचा असेल तेव्हाच करते. त्यामुळे मी खुलले.

मी सांगितलं, की कुठे इजा झाली की शरीर तिथे कॉक्स-टू नावाचं एक एन्झाइम बनवतं. आमच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. त्याच्यामुळे सूज येते, दुखतं, पण जखम भरायलाही त्याचाच हातभार लागतो. काम झालं की ते गप्प बसतं. आतड्याच्या बऱ्याच गाठींमध्ये मात्र ते गप्प बसत नाही. गाठ वाढायला, नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घ्यायला ते मदत करत राहतं. आईची गुडघ्यांची गोळी काय किंवा साधी ॲस्पिरिन काय, याच विकराला अडवतात, म्हणून कॅन्सरच्या बाबतीतही त्यांचा अभ्यास चालू असतो. या गोळ्या पोटाचं अस्तर जपणाऱ्या दुसऱ्या विकरालाही अडवतात आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, हेही मी सांगितलं होतं. म्हणजे मला तसं आठवतं. दादाचं म्हणणं, मी हे सांगितलंच नाही.

जुलैत त्याची पुढची तपासणी होती. मी सोबत जाणार होते, पण त्या दिवशी नदीचं पाणी आमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत चढलं आणि मी वरच्या मजल्यावर अडकले. वहिनीला आईजवळ थांबणं भाग होतं. दादा म्हणाला, मी एकटा जाऊन येतो. संध्याकाळी त्याचा फोन आला, सगळं उत्तम आहे. पाणी ओसरून कॉलेज सुरू झाल्यावर मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

दिवाळीनंतर एका सकाळी तो बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. चार दिवस त्याला डांबरासारखं काळं शौचाला होत होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा त्याला रक्त चढवत होते. पोटातल्या अल्सरमधून रक्तस्राव होत होता. कोणत्या गोळ्या घेता, असं डॉक्टरांनी विचारलं, तर वहिनीने पर्समधून दोन पाकिटं काढली. आईची गोळी आणि ॲस्पिरिन. त्या रविवारपासून तो दोन्ही सकाळ-संध्याकाळ घेत होता.

"यांच्या बहिणीने सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "त्या प्रोफेसर आहेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. मग त्यांनी विचारलं, आतड्याची शेवटची तपासणी कधी झाली? वहिनी म्हणाली, जुलैत. दादाने डोळे मिटून घेतले. तो गेलाच नव्हता, हे आम्हा दोघींना त्या क्षणी कळलं.

बाहेर बाकावर आई बसली होती. तिच्यासमोरच वहिनी मला म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांना पळवाट दिलीत. दोन वर्षं मी त्यांना धरून ठेवलं होतं."

"आणि तुम्ही इतके महिने रोज दादाला गोळ्या घेताना बघत होतात. मला एक फोन करता आला नाही?"

"तुम्हीच सांगितलेलं, ते तुम्हालाच काय विचारायचं?"

आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मला घरी सोड."

दोन दिवसांनी दादा उठून बसला, तेव्हा मी भांडायलाच आत गेले. सलाईन लावलेल्या माणसाशी. खोटं का बोललास, म्हणून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "तू म्हणालीस, हे विकर बंद केलं की गाठ उपाशी मरते. मग नळी कशाला घालून घ्यायची?"

मी असं काहीही म्हटलं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. सांगता सांगताच मला आठवलं. गाठ उपाशी मरते, हे माझंच वाक्य. पोरं जांभया द्यायला लागली की वर्गात मी दरवर्षी हेच वाक्य टाकते. मी ते त्याच्यापाशी कबूल केलं नाही. मूर्ख आहेस, एवढं बोलून बाहेर आले.

ताकद आल्यावर त्याची दुर्बिणीची तपासणी झालीच. आतड्यात एक छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला, तो तिथल्या तिथे काढला. कॅन्सर नव्हता, पण राहू दिला असता तर पुढे होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. एवढे महिने गोळ्या खाऊनही तो उगवायचा थांबला नव्हता. यावरून दादाने अर्थ काढला, की बहीण खोटारडी आहे. मी काढला, की भाऊ अडाणी आहे. तो तपासणीला वेळेवर गेला असता तर डॉक्टरांनी तेव्हाच गोळ्यांचं विचारलं असतं आणि एवढं रक्त जायची वेळच आली नसती, हे आमच्यापैकी कुणीच मोठ्याने बोललं नाही.

आता वहिनी आईच्या गोळ्या कुलपात ठेवते. मी महिन्यातून एकदा आईला भेटायला जाते. वहिनी चहा आणून ठेवते आणि शिलाई मशीनवर जाऊन बसते. माझी चाहूल लागली की दादा खाली निघून जातो. मागच्या वेळी त्याला निघायला उशीर झाला आणि आम्ही जिन्यातच समोरासमोर आलो. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. बराच वाळलेला वाटला. मी विचारलं नाही. पदर सावरून वर गेले.