दिव्याभोवतीचं निळं कडं

माझी थोरली मावशी रसायनांच्या कारखान्यात पंप सांभाळायची. तिथे अल्कोहोल आणि अमोनिया यांच्यापासून ट्रायएथिलअमाइन बनायचं. ते औषधांना लागतं, रंगांना लागतं, ओतकामातले वाळूचे साचे घट्ट करायलाही लागतं. वास मात्र शिळ्या मासळीचा. मावशी आंघोळ करून, कपडे बदलून घरी यायची, तरी काका दारातच विचारायचे, "आज काय गळाला लागलं?"

एका संध्याकाळी जेवताना ती काकांकडे बघतच राहिली.

"काय झालं?"

"तुमच्या डोक्यामागच्या दिव्याला निळं कडं आलंय. अगदी साधुपुरुष दिसताय."

"बावीस वर्षांनी का होईना, पटलं तुला," काका म्हणाले.

मावशी हसली, पण घास हातातच राहिला. ट्रायएथिलअमाइनच्या वाफेने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला सूज येते, नजर धुरकटते, दिव्यांभोवती कडी दिसतात, असं तिला कामाला लागताना शिकवलं होतं. काही तासांत सूज उतरते, म्हणून लोक विसरूनही जातात.

सकाळी तिला लख्ख दिसत होतं. तरी तिने पाळीतल्या चौघांना विचारलं. दोघांना कडी दिसली होती. त्यातल्या फिटरने तर नंबर वाढला समजून नवा चष्माच करून घेतला होता.

मावशीने साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "गळती असती तर वास नसता आला?"

"आमच्या नाकांनी कधीच राजीनामा दिलाय, साहेब. वाफ मोजायचं मीटर आणा."

मीटर आणलं. तिसऱ्या पंपाजवळ नेताच ते कोकलायला लागलं. पंपाच्या फिरत्या दांड्याजवळचं, गळती अडवणारं सील झिजलं होतं. ही वाफ एका ठिणगीनेही पेटते, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः उभं राहून पंप बंद करवला, सील बदलून घेतलं आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवला. डॉक्टरांनी सगळ्यांचे डोळे तपासले. कुणाला काही इजा नव्हती. फिटर तेवढा हिरमुसला. नवा चष्मा बायकोला चालतो का, ते बघत होता.

तेव्हापासून पाळी सुटताना प्रत्येकाला "दिवा कसा दिसतो?" असं विचारायचं काम मावशीकडे आलं. ते तिने निवृत्त होईपर्यंत केलं. एकदा मोठे साहेब पाहणीला आले आणि डोळ्यांना वाफ लागू नये म्हणून घालायचा गॉगल विसरले.

"बाहेर बसा, चहा पाठवते," मावशी म्हणाली.

ते बाहेर जाऊन चहाची वाट बघत बसले.