शेजारची सीट

आमच्या दादाच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते काढायला देवही धजणार नाही. जन्मभर त्याने बस दुरुस्त केल्या. निवृत्त झाला तेव्हा वाटलं, आता जरा स्वस्थ बसेल. बसतोय कसला! घरामागच्या शेडमध्ये त्याने चक्क विमान बांधायला घेतलं. दोन सीटचं, आणि इंजिन भंगारात निघालेल्या मोटारीचं. मी त्याला 'उडतं खटारं' म्हणायचो. दादा हसायचा, वहिनी हसायची नाही.

खटारं उडालं, हे मात्र कबूल करायला हवं. दादा एकटाच जायचा. वहिनी धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी राहायची, आणि चाकं जमिनीला टेकेपर्यंत तिचा जीव टांगणीला.

"अगं, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप मी एकाला दोन बसवलेत," दादा समजूत काढायचा. "एक बंद पडला तर दुसरा आहेच. उगाच काळजी करतेस."

एके सकाळी वहिनीनेच विषय संपवला. "खाली उभी राहून झुरण्यापेक्षा मीच येते वर," म्हणाली, आणि शेजारच्या सीटवर बसून तिने पट्टा आवळला.

दादाला काय करू नि काय नको झालं. उडण्याआधी तो नेहमी करायचा तसं त्याने एक पंप बंद करून दुसरा चालू केला. इंजिन मजेत चालत राहिलं. मग त्याने वहिनीकडे पाहिलं, आणि इंजिनच बंद केलं.

"उतर जरा. थोडं काम राहिलंय."

"आता काय झालं रे?" मी कुंपणापासून धावत गेलो.

त्याने डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं होतं. "पंप दोन आहेत, पण दोन्हींना वीज एकाच फ्यूजमधून जाते. तो उडाला की दोन्ही बंद."

"हे आज कळलं तुला?"

"नाही, पहिल्यापासून माहितीये," तो खाली बघत म्हणाला. "करू करू म्हणत राहून गेलं. मी एकटाच तर असायचो."

मला असा संताप आला! चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, पण त्याआधी वहिनीच बोलली.

"म्हणजे मी काळजी करत होते, ती उगाच नव्हती," ती म्हणाली.

दादाने दुसऱ्या पंपासाठी वेगळी बॅटरी आणली, वेगळी वायर ओढली, वेगळा फ्यूज घातला. वहिनी बाजूला खोक्यावर बसून होती. इतकी वर्षं मी त्या दोघांना भांडताना पाहिलंय. ते परवडलं, पण ही शांतता नको वाटत होती.

शेवटी दादाने हात पुसले. "झालं. आता बसतेस?"

"बसते," वहिनी उठली. "पण अहो, यापुढे एकटे जाल ना, तेव्हाही मी शेजारी बसलेय असं समजूनच काम करायचं."