सातव्या पुस्तकाची जागा

चीफकाका कुणाच्याही घरी गेले की तीनच प्रश्न विचारत. "काय चालता? काय बंद आसा? काय गळता?" लग्न होऊन मी तोंडवलीत आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी शेजारचा हा उंच, खांदे पडलेला माणूस ओटीवर आला आणि मला नव्या नवरीला विचारू लागला, काय गळता. मला वाटलं, चेष्टा चाललीय. मी म्हटलं, "न्हाणीघरातला नळ गळता." ते उठले, घरी जाऊन पाना घेऊन आले आणि नळ बंद करून गेले. चहालासुद्धा थांबले नाहीत.

जन्मभर ते मालवाहू बोटींवर इंजिन सांभाळत होते, शेवटी चीफ इंजिनिअर झाले. गावाला त्यांचं नाव ठाऊक होतं, पण हाक चीफ अशीच. बोटीवर नवा माणूस चढतो तो प्रवासाच्या मधेच. जुन्याला घरची ओढ लागलेली असते, एक पाय शिडीवर ठेवूनच तो चार्ज देतो. अशा वेळी तीनच गोष्टी विचारायच्या. "कसां बिघडलां तां इचारूचा नाय," काका सांगत, "वेळ जाता." हे त्यांनी इंजिनाबद्दल सांगितलं होतं. पण माणूस जगतही तसाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही घरालगत दोन खोल्या पर्यटकांना देतो. माणसं जाताना काय काय विसरतात! चार्जर, चपला, एकदा तर कवळी. एका पाहुण्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक राहिलं, मुखपृष्ठावर ताऱ्यांमधून चाललेली लढाऊ जहाजं. श्रावणात खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून वाचायला घेतलं. माझं इंग्रजी मालवणच्या कॉलेजपुरतं, त्यात मालिकेतलं हे नववं पुस्तक. आकाशात युद्ध पेटलेलं, एक बाई सगळ्या आरमाराची प्रमुख, आणि दर चार पानांनी कुणीतरी उसासा टाकतंय, आपला म्हातारा इंजिनिअर आज असता तर! बिचारा इंजिनघरात एकटाच मेला, दार आतून बंद होतं. अरे, पण कोण हा? मी वैतागून पुस्तक आपटलं.

काका कुंपणापलीकडून बघत होते. "नववां मां ता?" मुखपृष्ठावरूनच ओळखलं त्यांनी!

त्यांच्या कपाटात ती अख्खी मालिका होती. पानं पिवळी, खाऱ्या हवेने फुगलेली, आत कुठल्या कुठल्या बंदरांतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे शिक्के. एका बोटीच्या वाचनखोलीत त्यांना पहिल्यांदा मिळालं ते आठवं, बाकीची नंतर शोधून जमवली. "मी आठव्यात चढलंय, तू नवव्यात," ते म्हणाले. "बोटीर असांच आसता गो. पयल्यापासून कोणच नसता." आणि माझ्या हातात पहिलं पुस्तक ठेवलं.

पहिल्या पुस्तकात तो इंजिनिअर मला जिवंत भेटला. काय माणूस होता! कुरकुऱ्या, खादाड, कॅप्टनलाही तोंडावर सुनावणारा. तो विनोद करायचा आणि मी हसता हसता गप्प व्हायचे, कारण हा जाणार हे मला माहीत होतं. एखाद्याचं मरण आधी कळलं आणि ओळख नंतर झाली, तर जीव जरा जास्तच जडतो. काकांना मात्र त्याच्या इंजिनाची काळजी. "थंय पाणी नाय, वारो नाय. मगे ह्यां थंड होता कसां?" संध्याकाळी त्यांच्या अंगणातल्या बाकावर आम्ही यावरून भांडायचो. माझा नवरा म्हणायचा, तुमचां काय तां तुमकाच ठाऊक.

सहावं संपलं आणि मी सातवं मागितलं. कपाटात सहाव्या आणि आठव्याच्या मधे जागा मोकळी होती, बरोबर एका पुस्तकाएवढी. "हरवलां?" "नाय. घेवकच नाय." सातव्यात तो इंजिनिअर मरतो. आता मला कुणी सांगितलं होतं का उद्योग करायला? पण नाही! मी ते ऑनलाइन मागवलं, रंगीत कागदात गुंडाळलं आणि नाताळाला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद सोडला, मुखपृष्ठ पाहिलं आणि पुस्तक मला परत दिलं. "तुझ्याकडे ठेव." दरवर्षी मिळणारं गूळ-खोबऱ्याचं गोड दोदोलसुद्धा त्या दिवशी कुणी पुढे केलं नाही. मी फणफणत घरी आले.

सासूबाई नारळ खवत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुका ठाऊक नाय गो. मारी गेली तेव्हा तो बोटीर होतो."

मारी म्हणजे काकांची बायको. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं आटपलं. भर समुद्रातून माणूस येणार तरी कसा? काका पोचले तेव्हा दफन होऊन महिना उलटला होता आणि त्यांच्या लहानग्या मुलाला, विलीला, मावशी घेऊन गेली होती. काकांनी बॅग खाली ठेवली आणि माझ्या सासूबाईंना विचारलं, विहिरीचो पंप चालता? काय बंद आसा? कौलां खंय गळतत? मारी कशी गेली, हे विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

"शेवटाक तिच्याकडे मी होतंय," सासूबाई म्हणाल्या. "तेका सांगूचा आसा माका. मी तोंड उघडलंय काय तो पंपाचा काढता. इतकी वर्सां झाली, माझ्या पोटात तां तसांच रवलां." त्यांचे हात खोबऱ्याने माखले होते. त्यांनी मनगटाने डोळे पुसले.

त्या आठवड्यात मी सातवं वाचून काढलं. शेवटाशी आले आणि तशीच उठून काकांकडे धावले. ते विहिरीपाशी पंप खोलून बसले होते.

"काका, तो एकटो नाय होतो!"

"कोण गो?"

"तुमचो इंजिनिअर! जेवाण करणारो रांधपी चाय घेऊन इल्लो, तो बाहेर गेलोच नाय. तेचो हात धरून, गजाली मारीत थंयच बसलो. मगे सगळांच जळान गेलां, तोय मेलो, म्हणान पुढच्या पुस्तकांत कोणाक ह्यां ठाऊकच नाय!" मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. "तुमी वाचूकच नाय, तुमका कळतला कसां?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "शेवटापर्यंत होतो?"

"शेवटापर्यंत."

पंप तसाच उघडा टाकून ते घरात गेले. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्या ओटीवर आले. काय चालता, काय गळता, काही नाही. सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "वैनी, मारी कशी गेली?"

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. "शुद्धीत होती. सारखी इचारी, बोट खंय आसा? मी लबाड बोललंय रे चीफ. म्हटलंय, बोट मुंबैक लागली, तो वाटेर आसा. तशी हसली. माका म्हणाली, मगे माझे केस इंचर."

मी दारात उभी होते. मला आत जावंसंही वाटेना, थांबावंसंही वाटेना.

"इंचरलंस?"

"इंचरलंय तर."

काका थोडे पुढे सरकले. मग विचारलं, "वेणी घातलंस, काय आंबाडो?"

"आंबाडो. आणि अबोलेचो वळेसार. दारातलीच फुलां."

"बरां केलंस," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. सासूबाईंनी त्यांना रडू दिलं. त्यानंतर ते रोज यायचे, रोज काही ना काही विचारायचे. सातवं पुस्तक त्यांनी माझ्याकडून मागून नेलं आणि कपाटात लावलं.

मागच्या वर्षी काका गेले. हृदयाचं दुखणं होतं, त्या दुपारी मी त्यांच्या उशाशी होते. विली आता बापासारखाच बोटीवर असतो. काकांनी विचारलं, "विलीची बोट खंय आसा?" माझ्या जिभेवर मुंबई आली होती. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. "लांब आसा, काका."

"बरां," ते म्हणाले. "मगे तू सांग तेका."

विली आला तेव्हा सगळं उरकलं होतं. तोच उंचपणा, तेच पडलेले खांदे. बॅग खांद्यावरच होती आणि अंगणातूनच त्याने मला विचारलं, "पंप चालता मां?"

"चालता," मी म्हटलं. "बॅग ठेव आणि हडे बस. पप्पा कसो गेलो तां सांगतंय."

"मागीर सांग गो. आधी घर बघतंय."

"घर खंय पळता? बस म्हटलंय तुका!"

तो बसला.