बाबांची केबल आणि बाबांचा शब्द

मलकापूरच्या कापूस बाजारात माझ्या बाबांच्या बोटांना मान होता. चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ओढून ते धाग्याची लांबी सांगत, आणि त्यावर सौदे होत. स्वतःच्या कानांवरही त्यांचा तसाच विश्वास होता. धंद्याचा पसारा कमी केल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत मोठे स्पीकर बसवून घेतले. दर रविवारी दुपारी बाजारातली चार-पाच मित्रमंडळी ठुमऱ्या, कव्वाल्या ऐकायला जमत. घरामागून रेल्वे जाऊ लागली की सगळे थांबत आणि ती गेल्यावर तीच ओळ पुन्हा लावली जाई.

एकदा बाबांनी मुंबईहून स्पीकरची नवी केबल मागवली. मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी जाड, वर विणलेलं जांभळं आवरण. जुनी वायर गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली, साधी. रविवारी नवी केबल लागली आणि बाबा म्हणाले, "आयका! पडदा उठला ना आवाजावरचा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांचे सगळ्यात जुने मित्र, सरकीचे व्यापारी, त्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते. ते तर डोळे मिटून म्हणाले, "क्या बात है! मले बी मागवून दे हे." मीही ऐकत होते. मला तबला जरा जास्त खणखणीत वाटला, पण मला तो खरंच वाटला की बाबा म्हणाले म्हणून वाटला, हे कळेना.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर घरी आले आणि बाबांना म्हटलं, "केबल मी बदलणार. तुम्ही पाठ फिरवून बसा आणि कोणती लागली ते सांगा."

"मले परीक्षा?" ते हसले. "घे बाई, घे."

आवाजाच्या बटनाला मी हात लावला नाही. गाणं तेच, तुकडा तोच. कधी नवी केबल लावली, कधी जुनी वायर. बाबा ठामपणे सांगत गेले. कधी बरोबर आलं, कधी चुकलं. मग मी मागे नुसतीच खुडबुड केली, काही न बदलता. जुनी वायरच लागलेली होती.

"हे पाह्य," बाबा खुर्चीतून पुढे सरकले. "आता आली नवी! गळा कसा मोकळा झाला."

मी गप्प राहिले. ते वळले.

"काऊन बोलून नाई राह्यली?"

"बाबा, आत्ता मी काहीच बदललं नाही. जुनीच आहे."

त्यांचा चेहरा उतरला. स्वतः उठून स्पीकरच्या मागे वाकून त्यांनी वायर पाहिली. ज्याच्या पारखीवर बाजार चालला त्या माणसाला मी त्याच्याच घरात खोटं पाडलं होतं. ते म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. आई चहा घेऊन आली, तर त्यांनी तिलाही पाठ फिरवून बसवलं. तिलाही सांगता येईना. एवढंच निघालं की मागच्या ओसरीतल्या छोट्या स्पीकरची लांबलचक, केसाएवढी बारीक वायर काढून साधीच जाड वायर टाकली, तर तिथला आवाज खरोखर भरला. तो फरक आईने न सांगता ओळखला.

मला वाटलं, विषय घरात राहील. मी कुणाला सांगणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मंडळी जमली. गाणं लावायच्या आधी बाबा उभे राहिले. "मागच्या रविवारी मी तुम्हाले सांगतलं का या केबलनं आवाज बदलते. ते चूक होतं. पोरीनं परीक्षा घेतली, मी नापास झालो. केबल कोणी मागवू नका."

चाचा उसळले. "अरे, पण मले सोतःले फरक आयकू आला होता!"

"तुले नाई आला. मी बोललो म्हून आला."

"माहे कान काय तुह्या खिशात आहेत बे?"

"मंग बस पाठ फिरवून," बाबा म्हणाले.

ती दुपार गाण्याविनाच गेली म्हणायची. एकेक जण खुर्चीत बसला, एकेक जण चुकला, आणि प्रत्येक चुकीला हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने बाबा हसत होते. चाचांनी तीनदा हट्टाने बसून पाहिलं आणि मग कपाळाला हात लावला. जाताना पायऱ्यांवर थांबून ते मला म्हणाले, "बेटी, बाजारात सगळे आपली चूक झाकतात. तुह्या बापानं चार लोकांत उघडी केली. म्हून त्याचा शब्द चालते."

मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

जांभळी केबल बाबांनी काढली नाही. "दिसाले चांगली आहे," म्हणतात. पण घरी कुणी नवा पाहुणा आला की तिच्याकडे बोट करून ते आधी स्वतःच्या नापास होण्याची गोष्ट सांगतात, आणि मग मला हाक मारतात: "हे माही पोरगी. हिनं पकडलं मले." हे म्हणताना त्यांची छाती फुगलेली असते. माझीही.