नवसाची तांबडी

त्या हिवाळ्यात आमच्या पाड्यावर मानमोडी आली होती. २०१७ संपून २०१८ नुकतंच लागलं होतं. हा कोंबड्यांचा रोग. आधी पंख गळतात, मग हिरवी हगवण लागते, मान पिळवटते आणि बघता बघता कोंबडी संपते. बायका सकाळी डालगं उचलायच्या आणि खाली मेलेल्या कोंबड्या पायाला धरून ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकायच्या. काहींनी मरायच्या आधीच कापून खाल्ल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आम्हीही दोन खाल्ल्या. आमची सगळी डालगी रिकामी झाली तेव्हा एकटी तांबडी उरली होती, आणि तीही मान पाठीवर टाकून आभाळाकडे बघत पडलेली.

नेमकी तीच देवाला बोललेली होती.

ती माझी कोंबडी. तिच्या आईला मुंगसाने नेलं तेव्हा ती मुठीएवढी होती. मी तेव्हा तलासरीच्या नाक्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. घरी ठेवली तर घार उचलेल म्हणून पहिले काही दिवस मी तिला खोक्यात घालून दुकानात नेलं. येणारी-जाणारी माणसं थट्टा करायची, "काय गं, कोंबडीचीपण झेरॉक्स काढतेस काय?" मोठी झाल्यावरही ती माझ्या मागे मागे फिरायची. मी ओट्यावर बसले की मांडीवर येऊन बसायची. आमच्याकडे कोंबडीचे लाड कुणी करत नाही, त्यामुळे मला सगळे खुळी समजत, आणि मला त्याचं काही वाटत नसे.

माझा धाकटा भाऊ गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. आमच्या भागातली पुष्कळ पोरं जातात. पावसाळा संपता संपता जायचं आणि उन्हाळा भरात आला की परतायचं. वडील गेल्यापासून घर त्याच्यावर आणि माझ्यावर चालत होतं. त्या डिसेंबरात समुद्रात वादळ आलं आणि त्याचा फोन लागेना. बोटीच्या मालकाचा, सेठचा, फोन लागायचा, पण तो उचलायचा नाही. आई ओट्यावर बसून राहिली. ना चूल, ना पाणी. तिसऱ्या दिवशी तांबडी नेहमीसारखी येऊन तिच्याजवळ बसली, तर आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गावदेवाच्या दिशेने तोंड करून मोठ्याने म्हणाली, "माझा पोर धड घरी येऊ दे, ही तुला दिली."

मी दारातच उभी होते. माझं डोकंच फिरलं.

"आये, दुसरी कुठलीपण बोल ना. कोंबडा बोल. हीच कशाला?"

"जे देताना जीव दुखत नाय, ते देवाला काय द्याचं?" आई म्हणाली.

"जीव माझा दुखतोय. नवस तुझा हाय."

"पोर माझा हाय," ती म्हणाली.

भाऊ आला. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले, पण धड. त्याला बघून मी रडले, आणि त्याच वेळी माझं लक्ष अंगणात दाणे वेचणाऱ्या तांबडीकडे गेलं. हे खरं आहे म्हणून लिहिते. नवस फेडायचा दिवस ठरायच्या आतच पाड्यावर रोग आला आणि तांबडी पडली.

आजारी कोंबडी देवाला चालत नाही. बदली कोंबडीही चालत नाही, कारण जिच्यावर हात ठेवून शब्द दिला तीच द्यावी लागते. आणि नवस फेडल्याशिवाय पोराला परत पाण्यावर पाठवायचं नाही, हे आईने ठरवून टाकलेलं. तिकडून सेठचे फोन चालू, येतोस की दुसरा माणूस घेऊ? त्यामुळे आमच्या घरात प्रत्येकाला ती कोंबडी बरी व्हायला हवी होती. भावाला कामावर जायचं होतं. आईला त्याच्यासाठी शब्द पाळायचा होता. ती नुसती जगावी असं फक्त मला वाटत होतं. आधी जगू दे, पुढचं पुढे बघू, असं म्हणून मी तिला उचललं.

जनावरांच्या दवाखान्यात गेले तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की याला औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. ताकदीचे थेंब दिले आणि म्हणाले, नशीब असेल तर वाचेल, पण मान वाकडी राहील. मी तिला ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर ठेवलं आणि वर डालगं घातलं. तांदळाची पातळ पेज करून थेंब थेंब चोचीत सोडायची. मान धरली नाही तर पेज नाकात जायची आणि ती गुदमरायची. तिची घाण पुसायची, गोणपाट धुवायचं, परत पेज. तिच्या अंगाला येणारा आंबूस वास माझ्या कपड्यांनाही यायला लागला. दुकानाचा मालक नाक मुरडायचा. भाऊ एकदा म्हणाला, "माझी तरी एवढी सेवा केली नाय कोणी." मी म्हटलं, "तुझी मान वाकडी होऊ दे, करीन."

ती मेली नाही. का, ते मला माहीत नाही. हळूहळू पायावर उभी राहिली, पण मान तशीच फिरलेली. दाणा दिसायचा, तिला भूक असायची, पण चोच मारायला जायची ती भलतीकडेच. जमिनीवर टक टक आपटत राहायची, दाणा बाजूला पडलेला. बघवायचं नाही. मग मी तांदूळ तळहातावर घ्यायला लागले. दुसऱ्या हाताने मान हलके सरळ धरायची आणि तळहात चोचीपाशी न्यायचा. चोच जाईल तिकडे हात न्यायचा. पहिल्यांदा एक दाणा तिच्या तोंडात गेला तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आई धावत बाहेर आली. पुढे तिला सवयच लागली. कुणाचाही तळहात पुढे आला की ती लगेच चोच मारायची, रिकामा असला तरी.

शेजारची म्हातारी म्हणाली, "देव तारी त्याला कोण मारी."

"आणि देवच मागत असला तर?" मी विचारलं.

मला एक आशा होती. वाकड्या मानेची कोंबडी चालत नाही. म्हणून मी रोज तिची मान बघायचे आणि ती सरळ होऊ नये असं मला वाटायचं. पण भरवताना हात आपोआप तिची मान सरळ धरायचा. तिला अर्धवट बरं ठेवणं मला जमलंच नाही. शेवटी एके सकाळी आईने तिला अंगणात चालताना बघितलं आणि म्हणाली, "झाली बरी."

मग एकच गोष्ट उरली. देवापुढे तांदूळ टाकतात. कोंबडीने ते टिपले तर देवाने ती मान्य केली. तीनदा टाकूनही टिपले नाहीत, तर देवाला ती नको आहे असं समजून तिला सोडून देतात. मग नारळावर नवस फिटतो आणि कुणावर काही राहत नाही. पाड्यावर असं एक-दोनदा झालेलं मी ऐकलं होतं. आणि मला एवढं पक्कं माहीत होतं की मान सरळ दिसली तरी तांबडीला जमिनीवरचा दाणा अजून नीट सापडत नाही. मी हे कुणाला बोलले नाही. आदल्या दिवसापासून मनातल्या मनात त्याच देवाला विनवत होते.

देवाचं ठाणं ओढ्याच्या वर, मोहाच्या झाडाखाली. शेंदूर लावलेले दगड आणि मातीचे घोडे. आई, भाऊ, मी आणि शेजारच्या पाड्यावरचा भगत, एवढेच होतो. दुसऱ्या कुणाच्या हातात ती फडफडते म्हणून तिला मीच नेली. भगताने तिच्यावर पाणी शिंपडलं, पुटपुटला आणि दगडापुढे तांदूळ टाकले.

तांबडी पुढे गेली. वाकली. चोच दाण्याच्या शेजारी आपटली. परत आपटली. मग थांबून इकडेतिकडे बघायला लागली.

भगताने दुसऱ्यांदा टाकले. तसंच झालं. तिसऱ्यांदाही एकसुद्धा दाणा तिच्या तोंडात गेला नाही.

"नाय टिपत," भगत म्हणाला. "देवाच्या मनात नाय वाटतं."

मी आईकडे बघितलं. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. तिच्या लेखी देवाने कोंबडी नाकारली नव्हती, पोराची राखण नाकारली होती. "बाबा," ती हात जोडून म्हणाली, "अजून एक वार बघा. आजारातून उठलीय ती. पोराला परत पाण्यावर जायचंय."

भगत भला माणूस. त्याला आईची दया आली. तो खाली बसला, सांडलेल्या तांदळातले चार दाणे वेचून त्याने तळहातावर घेतले आणि हात तांबडीपुढे धरला.

ती धावत गेली. चारही दाणे तिने टपाटप टिपले आणि आणखी हवेत म्हणून त्याच्या तळहातावर चोच मारत राहिली.

"घेतली!" भगत हसून म्हणाला. आईने मटकन खाली बसून दगडापुढे डोकं टेकलं. मी तोंड उघडलं होतं. ही देवाची खूण नाही, मी लावलेली सवय आहे, एवढंच बोलायचं होतं. पण आई वर बघून माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बघितलंस? किती राजीखुशीने खाल्लं तिनं." कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर रक्त दिसत होतं. भावाने दुसरीकडे मान फिरवली.

मी म्हटलं, "हो आये."

भगताने पातं काढलं आणि मला म्हणाला, "धर पोरी, तुझ्याकडे गप राहते." मी तिला धरलं. ती गप राहिली.