माझ्या वाफ्यातला पालक

"ती जुडी बाजूला ठेव," बाई म्हणाल्या. "खिचडीत नको."

मी सातवीत होते. जळकोटकडचं एक गाव. आमचं घर बौद्धवाड्यात. शाळेत त्या वर्षी परसबाग केली होती. ताजं खा, हिरवं खा, असं भिंतीवर रंगवलं होतं. प्रत्येकीला एकेक वाफा. भाजी आली की सगळ्यांच्या खिचडीत पडणार, असं बाईंनी सांगितलं आणि मी ते खरं धरून बसले. आमच्या घरी हिरवी भाजी बाजाराच्या दिवशी यायची, दोन दिवसांत संपायची. मग पुढच्या बाजारापर्यंत भाकरी आणि तिखट. म्हणून रोज हापश्यावरून घागरी आणून मी पालक जगवला.

शेजारचा वाफा वैष्णवीचा. पाटलाची पोर. तिचा वाफा करपून गेला, तिला त्याचं काहीच नव्हतं. घरचा मळा होता. खिचडीसोबत खायला ती डबा आणायची, त्यात काकडी, टमाटे, कधी डाळिंबाचे दाणे. मी तिच्यावर जळायचे. खोटं कशाला बोलू?

तोडणीच्या दिवशी फोटो काढायचे होते. मी घंटेआधीच जाऊन पहिली जुडी बांधली. खिचडी करणाऱ्या शेवंतामावशीपुढं नेऊन ठेवली. मावशीनं जुडीकडं पाहिलं, मग बाईंकडं. बाई काय ते समजल्या आणि जुडी बाजूला झाली. मग त्यांनी वैष्णवीला बोलावून माझ्याच वाफ्यातला पालक तोडायला लावला. तिनं तोडलेला फोटोत आला, फोडणीत पडला. माझा पायरीवर सुकत होता. घागरी वाहायला माझे हात चालले होते.

तिचा डबा विसरले मी. मला तिचे हात हवे होते. एवढी कधीच कुणावर जळले नव्हते.

मग जुडी उचलली. धुतली. हातानंच मोडून उकळत्या खिचडीत टाकली आणि डाव घेऊन ढवळली.

मावशी मागं सरकली. "काय करायलीस गं?"

मी ढवळतच राहिले. त्या दिवशी निम्मी पोरं जेवली नाहीत. वैष्णवीनं डबा उघडला. तेव्हाही माझा जळफळाट झाला. तिचा विटाळ भरल्या पोटाचा होता. मी दोन ताटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मायला शाळेत बोलावलं. माय पाटलाच्याच मळ्यात खुरपायला जायची. ती दाराशी मान खाली घालून उभी राहिली. पोरीला समज द्या, असं बाई तिला सांगत होत्या. माय मला हळूच म्हणाली, "चुकलं म्हण, पोरी. माझं काम जाईल."

मी मायकडं पाहिलं. तरी तोंडातून 'चुकलं' निघेना.

"न्हाई म्हणणार," मी म्हणाले. "पालक माझा हाय. मीच तोडणार, मीच भांड्यात टाकणार. ज्याला चालत न्हाई त्यानं उपाशी राहावं."